खुलासा

माननीय संपादक,
इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.
माझ्या स्वयंपाकघरात सहा जण, सगळे अंगभर कपड्यांत,
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच
एकमेकांकडे बघायला लाजत होतो.

अंक टेबलावर पालथा घातलेला.
'पालिकेच्या तलावात रविवारचा नंगानाच.'
नाच?
डेन्झिलचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

छापलंय, की खिडक्यांना पडदे होते.
छापलंय, की दार आतून बंद होतं.
आणि पडदे नसते तर काय छापलं असतं,
असं हेडलीनं विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही. किटली शिट्टी मारत राहिली.

तो मुलगा पाहुणा म्हणून आला होता.
नाव खोटं सांगितलं, टॉवेल सोडला नाही,
कडेला बसून राहिला.
आम्हाला वाटलं, पहिली वेळ, बुजलाय बिचारा.
मीच त्याला चहा दिला. दोन चमचे साखर.
ते त्यानं छापलं नाही.

हेही नाही, की मॉर्वेना
डावा स्तन काढल्यावर तीन वर्षं
आरशावर चादर टाकून अंघोळ करायची,
आणि आमच्यात आल्यावर दुसऱ्याच रविवारी
उताणी तरंगली, कान पाण्याखाली, डोळे छताकडे,
आणि कुणाचंही लक्ष गेलं नाही,
कारण आम्ही तेव्हा क्लोरीनच्या वासावरून भांडत होतो.

आता जोरीला पालिकेनं घरी बसवलंय.
तलावाचा बॉयलर तोच बघतो, बघायचा.
'चौकशी पूर्ण होईपर्यंत.'
लव्हडेच्या मुलीनं ब्रिस्टलहून फोन केला,
एवढंच विचारलं:
आई, पान पाचवरची ती पाठ तुझी का?

आमची लक्तरं वेशीवर टांगली म्हणे.
टांगायला लक्तर होतं कुठे?
झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही ऐकलं.
असेल.
मूठ झाकून पोहता येत नाही.

हेडली म्हणाला, वकील करू.
डेन्झिल म्हणाला, गप्प बसू,
पुढच्या आठवड्यात कुणाचा तरी ट्रॅक्टर चोरीला जाईल,
गाव तिकडे वळेल.
मी चिटणीस. मी मसुदा वाचून दाखवला:
आम्ही फक्त पोहतो.
आम्ही केवळ साधी माणसं आहोत.
कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत.
वाचता वाचता मलाच कळलं,
प्रत्येक वाक्यात मी टॉवेल शोधतेय.

मॉर्वेनानं पेन ओढून घेतलं.
'फक्त' खोडलं. 'केवळ' खोडलं.
दिलगिरीवर इतक्यांदा रेघ मारली की कागद फाटला.
नवा कागद घेतला.
आम्ही पोहतो.
आणि खाली सह्यांची जागा.

तिथं मात्र सगळे थांबले.
अंग काय, अंग सगळ्यांना असतं.
नाव उघडं करताना हात कापतो.
जोरीनं सही केली नाही.
कुणी त्याला काही म्हटलं नाही,
त्याच्या कपात चहा ओतला.

पत्र छापून आलं. पान सतरा,
हरवलेल्या मांजरीच्या शेजारी.

रविवारी तलाव उघडा मिळाला,
भाडं मार्चपर्यंत आगाऊ भरलेलं म्हणून.
चौघं आलो. लव्हडे नाही.
बाहेर रेडरुथचा आडवा पाऊस, बूट चिंब.
किल्लीवाली बाई, नऊ वर्षं जिनं
किल्लीपलीकडे काही दिलं-घेतलं नव्हतं,
खुर्चीखालून तोच अंक काढून म्हणाली,
बुटात कोंबा, तासाभरात सुकतील.
पान पाच माझ्या डाव्या बुटात गेलं.

पडदे डेन्झिलनं ओढले.
सवयीनं, की भीतीनं,
मी विचारलं नाही.

बॉयलर थंड होता.
उघड्याकडे नागडं गेलं
आणि रात्रभर हिवानं मेलं, म्हणतात ना,
तसे आम्ही चौघं काठावर, दंडांवर शहारे,
कुणी पाय घालेना.
मग मॉर्वेना उतरली. कमरेपर्यंत. गळ्यापर्यंत.
दात वाजत होते तिचे.
या, म्हणाली,
खोटं नाही सांगत, भयंकर गार आहे.