मानेवरचा घाम

फाल्गुनात इन्सुलिन वीसवरून बारावर आलं
तेव्हा तुम्ही इतवारीतून संत्रा बर्फी आणून
अजनीच्या क्वार्टरांत वाटली.
साखर हरली म्हणालात.
निमजे डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला,
मग चष्मा काढला :
किडनी थकली, काका.
टोचलेलं औषध निघूनच जात नाही,
मुक्काम ठोकतं.

आता मे. पंचेचाळीस.
रात्री तीनला कूलरचं पाणी संपतं,
बादली उचलायच्या आधी
मी तुमच्या मानेखाली हात घालते.
उकाड्याचा घाम कोमट, चिकट.
तो दुसरा गार असतो.
पूर्वी छातीची धडधड तरी सांगायची,
हृदयाची गोळी सुरू झाल्यापासून
तीही गप्प.

काल मला तुमच्या बहिणीच्या नावानं हाक मारली.
चमचा ढकलला.
'काहून तरास देतं वं?'
मी साखरेचं बोट गालाच्या आत फिरवत राहिले,
लेकराला मध चाटवावा तसं.
पंधरा मिनिटं.
मग म्हणालात, कूलर बंद का गं?

बर्फीचा तो डबा उशाशी आहे.
आत ग्लुकोज भरलंय.
झाकण सैलच ठेवते,
अंधारात उघडायला.