किडका भोपळा

सोमवारी उद्यमनगर बंद असतं
म्हणून माझे पूर्वज मला सोमवारीच भेटतात,
दफ्तरखान्याच्या मागच्या खोलीत
लाल रुमालात बांधलेले,
गाठीला चिठ्ठी : इनाम जमाबंदी, मौजे धामणवाडे.

गाठ सोडायची परवानगी मला नाही.
शिपाई सोडतो. आधी शिंकतो, मग सोडतो.

मी टर्नर. मिलिमीटरचा शंभरावा भाग
बोटाला कळतो माझ्या,
पण मोडीतला एक वळसा दुसऱ्यापासून
अजून वेगळा करता येत नाही.
कारकुनानं आधी पानभर रेघ ओढली
आणि तिला अक्षरं टांगत गेला, बोरू न उचलता,
लेथवरनं लांबच लांब चीप निघावी तशी
न तुटता, वेटोळं घेत.
नेजकर बाई शेजारी बसून वाचतात.
पानाला सत्तर रुपये.
माणूस सापडला नाही तरी सत्तरच.

चुलते सांगतात, आपण पन्हाळ्यावरची माणसं,
तलवार व्हती रं घरात, म्हापुरात गेली.
आमच्या गल्लीत नऊ घरांत तलवार होती.
नऊही महापुरात गेल्या.

इथं तलवार नाही.
इथं आहे सत्तू वलद येसबा,
आणि रकान्याच्या माथ्यावर शब्द : कूळ.

लग्नाच्या बैठकीत हाच शब्द विचारतात
मांडी ठोकून, आवाज चढवून.
इथं त्याच्याखाली सत्तावन्न नावं,
आडनाव एकालाही नाही,
जमीन एकाचीही नाही.
मी बाईंना विचारलं, हे कूळ आणि ते कूळ
वेगळं असतं ना?
त्या म्हणाल्या, लिहायला सारखंच.

फसली बाराशे शहाण्णव. खंड भात मण अकरा. वसूल.
सत्त्याण्णव. भात मण अकरा. वसूल.
इसवी सन हवा तर पाचशे नव्वद मिळवा, म्हणाल्या बाई.
मी मिळवत बसलो.
येसबा कधी गेला ते नाही.
सत्तूचं लग्न नाही, बायकोचं नाव नाही,
पाऊस कसा होता, अकरा मण दिल्यावर
कणगीत किती उरलं, नाही.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला मात्र
बाई थांबल्या. चष्मा पुसला. परत वाचलं :
‘नजर, कोंबडा एक. भोपळे दोन.
पैकी एक किडका, सबब परत.’

मी इतक्या मोठ्यानं हसलो
की शिपाई दारात येऊन उभा राहिला.

किडका निघाला, की किडकाच नेला?
मी रोज कास्टिंग वाजवून बघतो,
आत पोकळी असली तर आवाज बसका येतो.
माझ्या बापाला कळायचा तो, कुणी न शिकवता.
सत्तूला परसात उकिडवं बसून
भोपळ्यावर बोट मारताना कळला नसेल?

आणि ‘परत’ म्हणजे कुणीतरी तो
डोक्यावर घेऊन तीन कोस माघारी आलं.
ओढ्यात टाकला का?
का किडकं तेवढं कापून बाकीचं रांधलं,
बिया राखेत घोळून ठेवल्या?

नव्याण्णवचं पान वाळवीनं खाल्लंय.
तेराशेत सत्तू नाही.
त्याच ओळीत, त्याच अकरा मणांपुढे
बाळा वलद सत्तू.
पणजोबा, घरात एवढंच एक नाव माहीत होतं.
सत्तू मेला तो वाळवीच्या भोकांत कुठंतरी.
पुढं लिहिलंय :
‘भोपळे दोन. दोन्ही पाहून घेतले.’

पाच वाजले. रुमाल बांधला गेला.
भाऊसिंगजी रोडवर उभं राहून चुलत्यांना फोन लावला.

घावली काय तलवार?
न्हाई. भोपळा घावला.

सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ
नुसता टीव्हीचा आवाज.
मग म्हणाले,
ठावं हुतं त्याला.