साडेसात वाव

शहापूरच्या खडेबाजारात आमचं फ्रेमचं दुकान.
देव येतात, लग्नाचे जोड येतात,
वारलेली माणसं येतात आणि काच लावून घरी जातात.
समुद्र आला तो एका मंगळवारी,
पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून, कणकुंबीच्या बसनं.

मष्णू किणेकर. सर्वे बोटीवरचे निवृत्त खलाशी.
टेबलावर निकोबारची बेटं पसरली,
कोपऱ्यांवर माझी हातोडी, माझी टेप,
फेविकॉलचा डबा आणि त्यांच्या चष्म्याची डबी.
जमीन कोरी होती. पाणी आकड्यांनी भरलेलं,
सांडलेल्या काकवीला मुंग्या लागाव्यात तसं.

"हे उलटं कसं?"
"जमीन बघायला माणसं हाईत की.
पाणी मी बघितलो."

दोरीला शिसं. शिशाच्या बुडाला चरबी.
तळ लागला की ओरडायचं;
चरबीला चिकटून वर काय आलं ते लिहायचं,
वाळू, चिखल, पोवळ्याचा चुरा.
"वाव म्हणजे एवढं," म्हणत
त्यांनी दोन्ही हात पसरले
आणि भिंतीवरची रिकामी चौकट
पडता पडता इरण्णानं धरली.

मग बराच वेळ ते बेटांवरच होते.
तिथं एक पक्षी अंड्यावर बसत नाही,
पाचोळ्याचा ढीग रचतो, कुजत्या पानांची ऊब देतो.
पिल्लू आपणच उकरून निघतं
आणि आईला न विचारता रानात पळतं.
(अठराव्या वर्षी घर सोडल्याचं
त्यांनी ह्याच वाक्याला जोडून सांगितलं.)
डेन्मार्कहून माणसं आली, बेटांना आपल्या राजाचं नाव दिलं.
राजा आला नाही. माणसं हिवतापानं गेली.
नाव कागदावर राहिलं, केवड्याच्या बनात
कुणी ते हाक मारायला वापरलं नाही.

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं,
आमच्या पाटीकडं. तिसऱ्यांदा रंगवलेली,
मोठी अक्षरं वर, आमची खाली,
मधे जुन्या रंगाचे पोपडे.
"नाव कुठलंबी लाव, बाई. खोली बदलत न्हाई."

हे म्हणाले, आणि गप्प झाले.
बोट सरकत दक्षिणेच्या टोकाला गेलं.
"हितं साडेसात वाव. माझ्या हातचं हाय.
त्या डिसेंबरात हे टोक खाली बसलं, दोन पुरुष.
दीपगृहाच्या पायात समुद्र आला.
आणि वर अंदमानात उलटंच,
पोवळी उघडी पडून उन्हात मेली म्हणे, पांढरी फटक."

इरण्णा आकड्यांवर वाकला होता.
"आळ?" त्यानं विचारलं.
कन्नडात खोलीला म्हणतात तो शब्द,
पण मला ऐकू आला तो मराठीत,
आणि कुणावर, असं विचारणारच होते मी.

"मग चुकलेला नकाशा फ्रेम कशाला करायचा, काका?"
"मी मोजलो तवा बरोबर होता की."

पैसे मोजताना आणखी एक सांगितलं.
मलप्रभा उगवते तिथं, लहानपणी,
फणसाच्या पानाची होडी सोडली होती.
मलप्रभेतून कृष्णा, कृष्णेतून बंगालचा समुद्र.
"मी बोटीवर चढायच्या आधीच
आमच्या गावचं पाणी तिकडं जाऊन बसलंवतं.
तेच मोजलो असेन, कुणास ठाऊक."

काच साधी सांगितली. शुक्रवारी नेतो म्हणाले.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी दुकानात दोन्ही हात पसरून बघितले.
दुकान माझं दीड वाव रुंद.
"अक्का, एन माडाकत्तीरि?" इरण्णा हसला.
काही नाही म्हटलं, आणि खालच्या कोपऱ्यातला
तो आकडा परत शोधला.
बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं,
पोवळ्याचा चुरा.