हेही पाहा

पहिली नेमणूक अकरा महिन्यांची.
मग एक दिवस खंड,
मग पुन्हा अकरा.
खंडाच्या दिवशी मी कागदावर कुणीच नसायचे
तरी सवयीनं बर्डीला उतरून
वाचनालयाच्या पायरीवर बसायचे डबा घेऊन.
गेटवरचा हेडाऊ म्हणायचा,
"आज तुमी नाहीच ना ताई सरकारले माहीत,
मंग ऊन कायले खाता?"
असे नऊ खंड.

मुलाखतीत विचारलं होतं, ग्रंथपालच का?
पाठ केलेलं उत्तर दिलं, वाचन संस्कृती वगैरे.
खरं उत्तर गोळीबार चौकामागे
आमच्या मागावर होतं.
दोन हजार सुतांतलं तुटलेलं एक
बाबा बोटांनी शोधायचे, डोळे भलतीकडेच,
थुंकी लावून गाठ मारायचे,
आणि लुगडं घडीला गेलं की ती गाठ
त्यांनाही सापडायची नाही.
त्या संध्याकाळी ते दोन शब्द जास्त बोलत.

डोंगरवार सरांनी बोधांक नंतर शिकवले.
आधी माणूस.
"वाचक मागते ते त्याले पायजे नसते.
त्याले जे मागता येते, ते मागते तो.
तू थांब जराशी. पुस्तक आणाले धावू नको."
मी बावीस वर्षं थांबतेय.
मला वाटतं आता थोडं जमतं.

फुलवंता मडावी मे महिन्यात आली.
वरच्या मजल्यावर कूलर, वाळ्याचा वास,
झोपलेले स्पर्धा परीक्षेचे उमेदवार.
तळघरात काही नाही, फक्त मध्य प्रांताचे अहवाल
आणि वाळवी, जिनं
जिल्ह्यांच्या हद्दी स्वतःच्या मतानं आखल्या होत्या.
तिनं मागितली जमाबंदी.
मी थांबले.
मग ती म्हणाली, आमचं गाव
कुठल्याच यादीत नाही, मॅडम. वनखातं म्हणते
तुम्ही परवा आले.

कोहकाटोला.
क मध्ये नाही. ख मध्ये नाही.
तीन आठवडे आम्ही दोघी
एका साहेबाच्या कानानं ऐकायला शिकत होतो,
तापानं फणफणलेला, घोड्यावरचा साहेब
आणि त्याच्याहून कंटाळलेला कारकून.
शेवटी ग मध्ये, तळटीपेत:
गोगाटोला. घरे सतरा. विहीर नाही.
मोहाची झाडे दोनशे चार.

फुलवंता ओरडली नाही की रडली नाही.
बोट त्या आकड्यावर ठेवून म्हणाली,
"यातली अकरा हायेत अजून."

त्या रात्री मी एक तालिकापत्र केलं, हातानं,
संगणक आल्यालाही सात वर्षं झाली होती:
गोगाटोला. पाहा: कोहकाटोला.
ते पत्र कोणत्याच पद्धतीत बसत नाही.
खणात आहे.

त्याच खणात अजून एक पत्र आहे.
विद्यापीठातल्या एका मोठ्या माणसाचा ग्रंथ निघाला,
साडेपाचशे पानं,
त्यातले निम्मे संदर्भ माझ्या तळव्यांच्या धुळीतले.
ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं,
परांजपे मॅडमचेही आभार.
पराते आहे मी.
इतकं शोधून देणारी बाई
त्यांच्या कानाला परांजपेच ऐकू आली.
हेडाऊ हसला खूप. मीही हसले,
मग खाली जाऊन लिहिलं:
परांजपे मॅडम. पाहा: पराते, निर्मला तुकाराम.
हेही पाहा: कोष्टी. गाठ.

एकोणचाळिसाव्या वर्षी कायम झाले.
बाबांना आदेश वाचून दाखवला.
त्यांनी कागद उलटा करून पाठ पाहिली,
कापडाची पाहतात तशी.

आज सकाळी एक पोरगा आला, घामानं चिंब,
म्हणाला, नागपूरचा इतिहास पाहिजे.
मी म्हटलं, बस.
पाणी पी आधी.