दोरी

खात्याने दिलेली दोरी वीस मीटरची,
चार खुंट्या, एक ताणकाटा, पिवळे फॉर्म.
पाच बाय पाचचा चौकोन टाकायचा,
आतली कणसं मोडायची, सोलायची, तोलायची, लिहायची.
चौकोनाबाहेरचा मका माझ्या हिशेबात नाही.

हा-मोसालोला पोचले तेव्हा एप्रिल सरत आला होता.
रस्ता ओढ्यापाशी संपतो, पुढे तट्टू.
उतारावर ठिगळांसारखी शेतं,
मधूनमधून ओघळींनी कुरतडलेली.
दरवर्षी थोडी माती सेंकू नदीत उतरते
आणि सरहद्द ओलांडून जाते.
तिला पासपोर्ट लागत नाही.

आमच्या चारही बाजूंना एकच देश.
मका तिकडून येतो.
मासेरूच्या पुलावर ट्रकांची रांग लागते,
डिझेल चढलं की पीठ चढतं.
पाणी आमच्याकडून तिकडे जातं,
डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून,
रांग न लावता.
याला फॉर्मात रकाना नाही.

पिकाचा अंदाज खरं तर मला गावात शिरतानाच आला होता.
घरात ज्वारीची बिअर तयार असली
की दारापुढच्या काठीवर पांढरं फडकं लावतात.
अकरा काठ्या मोजल्या.
सगळ्या उघड्या.

मासेबोलेलो बांधावर उभी होती,
घोंगडी छातीशी मोठ्या पिनेने अडकवलेली.
"खोत्सो," मी म्हणाले. शांती असो.
"खोत्सो," ती म्हणाली, आणि दोरीकडे बघत राहिली.
पाऊस डिसेंबरात आला, पेरणी उशिरा,
मग दाणा दुधात असतानाच मार्चमध्ये दहिवर.
तिने एक कणीस सोलून दाखवलं.
बोळकं. चार दाणे इथे, दोन तिथे.

शेजारचा सेखोबे काठी टेकत आला.
"तिकडे टाक खुंट्या, त्या खडकाजवळ.
तिथे काहीच नाही. शून्य लिही.
शून्य लिहिलं तर पोती येतील."
बरोबर बोलत होता. मला ते माहीत होतं.
मासेबोलेलो पुढे झाली,
दोरीचं टोक माझ्या हातातून घेतलं
आणि शेताच्या वरच्या कोपऱ्यात चालत गेली,
जिथे शेणखत पडलं होतं,
जिथे ताटं तिच्या खांद्याला लागत होती.
"इथे मोज."

मी नियम सांगितला:
जागा चिठ्ठी काढून ठरते, तुझ्या मर्जीने नाही, माझ्याही नाही.
"चिठ्ठ्यांनी पेरलं नव्हतं मी," ती म्हणाली.
"पाहुणी आलीस. माझ्या शेताचा चांगला चेहरा बघून जा.
आणि पोती?" सेखोबे ओरडला.
"पोती आली तर खाईन. पण त्यासाठी
माझ्या शेताची बेअब्रू करणार नाही."

शेवटी चिठ्ठी काढली. चौकोन मधोमध पडला.
ना खडकात, ना खतात.
दोन किलो शंभर ग्रॅम.
सेखोबे थुंकला. ती काट्यावरचा आकडा
दुसऱ्या कुणाच्या मुलाकडे बघावं तशी बघत होती.
मग त्यातलीच तीन कणसं उचलून निखाऱ्यात टाकली,
वजन झाल्यावर, नियम पाळून,
आणि आम्ही तिघांनी एकेक खाल्लं.
करपट, गोड. फार काही नव्हतं त्यात.

निघताना तिने दोरी मागितली.
गाढवावर पोतं बांधायला धड दोर नाही.
"कुठलं पोतं?" मी विचारलं.
ती हसली. "येईल ते."

खात्याच्या यादीत आता 'हरवली' असं लिहिलंय.
पुढच्या गावांमधली शेतं मी पावलांनी मोजली,
सात पावलं लांब, सात पावलं रुंद.
देशाच्या एकूण उत्पादनात
दशांशानंतर कुठे चूक निघाली,
तर ती माझ्या पावलाच्या मापाची.