मागच्या दारानं

पेपरात आलं होतं : तिकडं अमेरिकेत
सल्लागारांची फौज झोपली की
राष्ट्राध्यक्ष फोन लावतो
शाळेतल्या जुन्या दोस्ताला.
मल्लेशम हसला, बिडी विझवली.
"आपलं काय वेगळंय, पोशन्ना?"

मल्लेशम तेव्हा महापौर.
दिवसा फायली, शिपाई, हार.
रात्री अकराला माझ्या कारखान्याच्या मागच्या दारानं,
चप्पल काढून, टॉवेलच्या गठ्ठ्यावर मांडी.
कडक भाकरी, शेंगाचटणी,
गप्पा तेलुगूत, शिव्या मराठीत.

मी कधी काही मागितलं नाही.
टेंडर नाही, पोराला नोकरी नाही,
चौथ्या दिवशी पाणी आम्हालाही चौथ्याच दिवशी.
एकदा नुसतं म्हणालो,
कन्ना चौकात टेम्पो वळत नाही रे,
त्या हातगाड्यांमुळं.
एवढंच.
पुढं आम्ही हुरड्याबद्दल बोलत बसलो,
यंदा दाणा भरला नाही म्हणून.

सोमवारी गाड्या उचलल्या.
सत्यम्माचीसुद्धा,
सातवीत असताना
आम्हा दोघांना उधारीवर इडली घालायची ती.
तिचं पातेलं रस्त्यावर उपडं,
सांबाराचा ओघळ गटारापर्यंत.
माझा टेम्पो त्यावरनं वळला,
एका दमात.

मल्लेशमला तिची गाडी आठवली नसेल.
मला तरी कुठं आठवली होती, बोलताना?

रात्री आला. भाकरी मोडत विचारलं,
"वळतो ना आता?"
वीज गेलेली. सगळे माग बंद.
"वळतो," म्हणालो.
एरवी खडखडाटात
ओरडून बोलायची सवय माझी.
केवढा मोठा आला आवाज.