विनी

मोठ्या विद्यापीठानं टाकून दिलेली होडी
लोर्ना टिबेट्सनं ट्रकवर बांधून मेनपर्यंत आणली,
शेपटाला लाल फडकं लावून.
आमचं बोटघर म्हणजे बटाट्यांचं जुनं कोठार.
वल्ह्यांना अजून मातीचा वास येतो.

नाव खरवडून आम्ही नवं रंगवलं.
पण ऊन कललं की खालचं वर येतंच,
कुण्या देणगीदाराच्या बायकोचं : विनिफ्रेड.
मग आम्हीही हट्ट सोडला.

आठ जागा. यंदा सातजणी.
तिसऱ्या जागेवर लोर्ना वाळूचं पोतं ठेवते.
म्हणते, हिला कधी उशीर होत नाही.

तरी विनी उजवीकडे ओढ घेते,
आणि सुकाणूवरून एवढीशी डेल्फिन
बसक्या घशानं ओरडते :
डावीकडच्या, जरा कमी!
अंगात जोर असून कमी लावायचा;
हे जमायला मला ऑक्टोबर उजाडला.

शर्यतीत पंचांनी नियमांची वही दोनदा चाळली,
मग जाऊ दिलं, पोत्याशिवाय.
आम्ही शेवटच्या. बऱ्याच शेवटच्या.

पुलावर डेल्फिनचे वडील, शेवंडांच्या बोटीवरून तसेच आलेले,
केशरी रबरी विजारीत,
एकटेच टाळ्या वाजवत होते.
आम्ही पुलाखाली गेलो, आवाज थांबला.
बाहेर पडलो तर
ते धावत दुसऱ्या कठड्याला आलेले,
धापा टाकत,
पुन्हा सुरू.